अनुभव धागा: तत्त्वं श्रद्धेवर उभी की विवेकावर?

सोलापूर परिसरात काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. वाद नको. प्रत्यक्षात काय करतात आणि कुठे बिघडतं, तेवढंच सांगा.

जट काढण्याच्या कामातून
कर्नाटक सीमेलगत बाईच्या डोक्यात जट, म्हणजे केसांचा घट्ट गुंता, आली की यल्लम्मा देवीचं बोलावणं समजतात. केस विंचरले-धुतले नाहीत की तेल, घाम, धूळ बसून गुंता आवळत जातो. पण हे सांगून लगेच कात्री काढू नये. पहिल्या भेटीत ऐकून घ्यायचं. आधी त्या बाईचा स्वतःचा होकार, मग सासू आणि नवऱ्याशी बोलणं, कारण पुढे घरात कुणाला ताप आला तरी बोट तिच्याकडेच दाखवतात. कापताना टाळू आणि जट यांच्यामध्ये आपलं बोट ठेवायचं, थोडी थोडी कापायची. ओढल्या गेलेल्या कातडीला कात्री लागून जखम चिघळली, तर लोकांच्या लेखी देवीचा कोप सिद्ध होतो. नंतर केस धुऊन द्यायचे आणि काही दिवसांनी पुन्हा घरी जायचं. पूजा सोड, असं कधीच म्हणू नये. भक्ती तिची आहे, जाच ‘कापायची नाही’ या नियमाचा होता. घाईने काम नासतं ते इथेच.

सर्पदंशाबद्दल
2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलं. पूजा, वारी, यात्रा यांना तो हात लावत नाही. चावलेला भाग हलू देऊ नका, चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. देवाचं नाव गाडीतही घेता येतं.

वकिलीतून
घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि देवाचं नाव न घेता ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ असे दोन्ही पर्याय आहेत. 1969 च्या शपथ अधिनियमाने साक्षीदारालाही ती मोकळीक आहे. देव मानत नसाल तर पिंजऱ्यात उभं राहताच सांगा. शपथ घेणारा असो की दृढकथन करणारा, उलटतपासणी दोघांचीही होते, खोट्या साक्षीची शिक्षाही सारखीच.

यंत्रमागाच्या पगारावरून
घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, ही इस्लामची शिकवण. बसवण्णांच्या (बसवेश्वरांच्या) लिंगायत परंपरेत कायक, म्हणजे श्रम, हीच पूजा. त्यामुळे मजुरी बुडवू नये यावर मालक-कामगारांचं सहज जमतं, आणि ही श्रद्धेची ताकद मला फार मोलाची वाटते. भांडण लागतं ते पुढच्या गोष्टींवर: नगाचा दर किती, खराब माल कुणाच्या खाती, उचल किती हप्त्यांत वळती करायची. याला धर्मवचन पुरत नाही. दर आधी लिहून घ्यावा, सुताचा दोष आणि विणकराची चूक वेगळी नोंदवावी, हजेरीची वही दोघांकडे असावी. वही एकाकडेच राहिली की पगाराच्या दिवशी दोघेही देवाची शपथ घेतात आणि हिशोब तसाच राहतो.