बरे वाटू लागल्यावर आमवाताची गोळी थांबवावी का, आणि न दिसणारे दुखणे कामाच्या ठिकाणी सांगावे का?

प्रश्न

नमस्कार. माझे वय 24 वर्षे असून आठ महिन्यांपूर्वी मला आमवाताचे (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, संधिवाताचा एक प्रकार) निदान झाले. सुरुवातीला दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजत, सकाळी मूठ वळायला दीड तास लागे आणि पाण्याची बाटली उघडायची तर झाकणावर तळहात ठेवून सगळे अंग त्यावर टाकावे लागे. मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाल्यापासून सूज बरीच उतरली आहे आणि गेल्या तपासणीत सीआरपीही (रक्तातील दाह दाखवणारा आकडा) मर्यादेत आला. मात्र गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी पोटात ढवळते. आता एवढे बरे वाटत असताना हे औषध घ्यायचेच कशाला, असे मनात येऊन मी गेल्या दोन आठवड्यांच्या गोळ्या घेतलेल्या नाहीत. डॉक्टरांना हे अजून सांगितलेले नाही.

दुसरी अडचण थकव्याची आहे. सांधे शांत असले तरी दुपारनंतर अंगातले त्राण निघून जाते. एके दिवशी मी भरभर जिना चढते आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घेते, त्यामुळे मी कामाची टाळाटाळ करते असे सहकाऱ्यांना वाटत असावे. “या वयात संधिवात?” हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला आहे की आता कोणाला सांगावेसेच वाटत नाही. ज्यांना हा आजार विशीतच जडला, त्यांनी या दोन्ही गोष्टी कशा निभावल्या, हे जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

मी 32 वर्षांची आहे आणि माझा आमवात नऊ वर्षांचा आहे. तुम्ही आज जे करत आहात तेच मी निदानानंतरच्या दुसऱ्या वर्षी केले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

औषध बंद केल्यावर मला जवळजवळ चार महिने काहीही झाले नाही आणि त्यामुळेच माझी फसगत झाली. नंतर आजार उसळला तो दोन्ही मनगटे धरूनच. पुन्हा ताबा मिळेपर्यंत उजव्या मनगटातील हाडांची झीज एक्स-रेमध्ये दिसू लागली होती, आणि अशी झीज भरून येत नाही. ते मनगट आज मागे वाकत नाही. जमिनीवरून उठताना मी तळवा टेकू शकत नाही, मूठ वळून बोटांच्या पेरांवर भार द्यावा लागतो. आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्याच्या आतील अस्तरावर उलटते, ते अस्तर सुजते आणि कडेचे हाड कुरतडू लागते, असे या आजाराचे स्वरूप आहे. तुम्हाला बरे वाटते आहे ते औषधाने ही प्रक्रिया दाबून धरल्यामुळे. डोस कमी करण्याचा विचार करता येतो, पण आजार निदान सहा महिने पूर्ण शांत राहिल्यावर आणि तोही डॉक्टरांनी सांधे तपासून ठरवल्यावर.

सुरुवातीला तुम्हाला स्टेरॉइडही दिले होते का, हे जुन्या चिठ्ठ्यांमध्ये पाहा. स्टेरॉइडचा गुण काही दिवसांत येतो, मेथोट्रेक्सेटला मात्र सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे कोणत्या औषधाने आपल्याला उभे केले याचा रुग्णाचा अंदाज पुष्कळदा चुकतो. अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांनी 1948 मध्ये आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले, तेव्हा जवळजवळ अंथरुणाला खिळलेली ती तरुण स्त्री काही दिवसांत चालू लागली. या संशोधनाला 1950 चे नोबेल पारितोषिकही मिळाले. दीर्घकाळ भरपूर डोस दिल्याचे दुष्परिणाम पुढे स्पष्ट झाले. म्हणूनच आज स्टेरॉइड शक्य तितका कमी काळ वापरतात आणि भिस्त मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांवर ठेवतात.

मळमळीवर उपाय आहेत, पण त्यासाठी ती डॉक्टरांना सांगायला हवी. मला फॉलिक ॲसिडचा डोस वाढवून आणि गोळी सुट्टीच्या आदल्या रात्री घेऊन पुष्कळ फरक पडला. काहींना तेच औषध त्वचेखालील इंजेक्शनाने अधिक मानवते.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक सांगून ठेवते: या औषधावर असताना गर्भधारणा होऊ देऊ नये. पुढे मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, कारण हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन यांसारखी गरोदरपणात चालणारी औषधे उपलब्ध आहेत. माझी मुलगी तीन वर्षांची आहे.

प्रतिसाद २

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे सांध्यांच्या दाहाचाच आजार, पण मुख्यतः पाठीच्या कण्याचा. वय 29. विश्रांती घेतली की माझी पाठ आखडते आणि हालचाल केली की मोकळी होते, हे लोकांना पटवणे फार अवघड जाते. दुखणाऱ्या माणसाने पडून राहावे अशीच सर्वांची समजूत असते.

कामाच्या ठिकाणी मी दोन वर्षे काहीच सांगितले नाही. नंतर वरिष्ठांना आजाराचे वर्णन करण्याऐवजी नेमकी गरज सांगितली: “सकाळचा पहिला तास माझी पाठ ताठ असते, म्हणून मी एक तास उशिरा येईन आणि तेवढाच उशिरा जाईन, बैठक लांबली तर मधूनच उठून उभा राहीन.” त्यांना हो किंवा नाही म्हणता येईल असे काहीतरी समोर आले आणि त्यांनी हो म्हटले. “मला संधिवात आहे” एवढेच ऐकल्यावर समोरच्याला सहानुभूतीपलीकडे काय करावे ते कळत नाही.

थकव्याबद्दल म्हणाल तर रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि रात्री झोप लागते का तेही डॉक्टरांना सांगा. दाह उतरल्यावरही थकवा राहतो, हा पुष्कळांचा अनुभव आहे. मी अवघड काम सकाळी अकरा ते दोनमध्ये उरकतो आणि चांगल्या दिवशीही त्याहून फार जास्त अंगावर घेत नाही, कारण त्या उत्साहाची किंमत पुढचे दोन दिवस मोजावी लागते.

प्रतिसाद ३

वरील मताशी मी अर्धीच सहमत आहे. मला सांध्यांचा दाह नवव्या वर्षापासून आहे. पहिल्याच नोकरीत मी सगळे मोकळेपणाने सांगितले, आणि त्यानंतर प्रवासाची, जबाबदारीची कामे मला न विचारताच इतरांकडे जाऊ लागली. हेतू वाईट नव्हता, तरी ते मला फार लागले. त्यामुळे सांगताना आपल्याला काय जमते हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा आणि ‘माझ्या वतीने ठरवू नका, मला विचारा’ हे वाक्य आवर्जून जोडा.

रोज सकाळी मूठ पूर्ण वळायला किती मिनिटे लागली ते मी वहीत लिहिते. “बरी आहे” या उत्तरापेक्षा डॉक्टरांना त्या आकड्यांतून अधिक कळते.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. चिठ्ठी पाहिली, पहिले दहा आठवडे स्टेरॉइड होते, हे मी विसरूनच गेले होते. आज सकाळी मूठ वळायला 40 मिनिटे लागली, मागच्या महिन्यात दहाही लागत नव्हती. राहिलेल्या दोन आठवड्यांच्या गोळ्या आता एकदम घ्याव्यात का?

प्रतिसाद १ लिहिणारी

मुळीच नाही. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. राहिलेला डोस भरून काढण्यासाठी जास्त गोळ्या घेणे किंवा त्या रोज घेणे जिवावर बेतू शकते. आजच डॉक्टरांना फोन करा, दोन आठवडे चुकले हे स्पष्ट सांगा आणि पुढची गोळी कोणत्या वारी घ्यायची ते विचारून तो वार पाकिटावर पूर्ण अक्षरांत लिहून ठेवा. त्या 40 मिनिटांचाही उल्लेख करा.