प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना ऑक्सिमीटर ८६ का दाखवतो?

सातारकर: माझ्या आईला (वय ६४) बुलस पेम्फिगॉइड हा अंगावर पाण्याचे फोड येणारा आजार आहे. प्रेडनिसोलोन आणि ॲझाथायोप्रिन दीड वर्षापासून चालू असून, स्टेरॉइडचा डोस उतरवता यावा म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी पाच आठवड्यांपूर्वी डॅप्सोनची १०० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. फोड आटोक्यात आले. परंतु आता ओठ व नखे निळसर दिसतात, जिना चढताना दम लागतो आणि करोनाकाळात घेतलेला ऑक्सिमीटर ८६ ते ८८ दाखवतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे आणि तासभर ऑक्सिजन लावूनही आकडा हलला नाही. फुफ्फुसे ठीक असतील, तर ऑक्सिजन जातो कुठे?

भूलतज्ज्ञ: ऑक्सिजन रक्तापर्यंत पोहोचतो, मात्र तो वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्येच बिघाड झालेला असावा. डॅप्सोनचे यकृतात जे घटक बनतात, ते हिमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण करतात. अशा मेथहिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरता येत नाही, आणि उरलेले चांगले हिमोग्लोबिनही आपला ऑक्सिजन पेशींना सहजी सोडत नाही. एरवी हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. असे रक्त पांढऱ्या गॉजवर टिपले तर चॉकलेटी दिसते आणि हवा लागूनही लाल होत नाही. साधा ऑक्सिमीटर येथे फसतो, कारण मेथहिमोग्लोबिन वाढत गेले की त्याचा आकडा ८५ च्या आसपास अडकतो. म्हणून को-ऑक्सिमीटरवर (रक्ताच्या नमुन्यात मेथहिमोग्लोबिन वेगळे मोजणाऱ्या यंत्रावर) तपासणी करून घ्यावी. दम लागत असल्याने आजच रुग्णालयात जावे आणि डॅप्सोनची पुढची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये. प्रेडनिसोलोन मात्र परस्पर बंद करू नये. दीड वर्षानंतर ते एकाएकी थांबवणे धोक्याचे असते.

प्रमाण फार वाढल्यास मिथिलीन ब्लू शिरेतून देतात, पण जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या रुग्णात त्यानेच रक्तपेशी फुटू शकतात. जी६पीडीची तपासणी खरे तर डॅप्सोन सुरू करण्यापूर्वीच व्हायला हवी.

सातारकर: मनःपूर्वक आभार. मेथहिमोग्लोबिन १७ टक्के निघाले. हिमोग्लोबिनही ११.८ वरून ९.६ वर आले आहे. जी६पीडीचा अहवाल सुदैवाने जुन्या फाइलमध्ये सापडला, तो नॉर्मल आहे. मिथिलीन ब्लूची गरज पडली नाही. डॅप्सोन बंद करून दोन दिवस देखरेखीखाली ठेवले आणि आज आठव्या दिवशी ऑक्सिमीटर ९६ दाखवतो. एक समाधान असे की, इतके स्टेरॉइड घेऊनही तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ५.१ आली.

जुना रुग्ण: त्या ५.१ वर विसंबू नका. डॅप्सोनमुळे तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि एचबीए१सी खोटेच कमी येते. मी कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात हीच गोळी वर्षभर घेतली. अहवालात साखर उत्तम होती आणि घरच्या ग्लुकोमीटरवर जेवणानंतर २४० येत असे. आईंची साखर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, बोटातून का होईना, तपासून पाहा.

सातारकर: आज दुपारी तपासली, २१८ आली. डॉक्टरांना कळवले आहे.