वाचनासाठी थेट आणि खोलीभर पसरणारा उजेड एकाच दिव्यातून कसा मिळवावा?

गोदाकाठ: जुन्या नाशकातील आमच्या वाड्यात माडीवरच्या खोलीसाठी मी एक उभा दिवा करून घेत आहे. आईला रात्री पोथी वाचताना पानावर थेट उजेड लागतो. एरवी तोच दिवा वर वळवला की खोलीभर सौम्य प्रकाश पसरावा, अशी इच्छा आहे. शेड भांडी बाजारातून पितळेची घडवून घेण्याचा विचार आहे. छत सागवानी असून जुनेपणाने काळवंडले आहे. सांधा कसा ठेवावा आणि किती वॅटचा एलईडी पुरेल?

सातपूरकर: वॅटच्या आधी छताचा विचार करावा. वर वळवलेल्या दिव्याचा उजेड खोलीत येतो तो छतावरून परतून. पांढरा चुना पडलेल्या प्रकाशाचा बहुतांश भाग परत देतो, तर काळवंडलेले सागवान तो गिळून टाकते. त्यामुळे वॅट कितीही वाढवले तरी तुळया तेवढ्या उजळतील आणि खोली अंधारीच राहील. म्हणून शेड चुन्याच्या भिंतीकडे वळेल असा सांधा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खात्रीसाठी हातातली बॅटरी आधी छतावर आणि मग भिंतीवर मारून पाहावी. वाचनासाठी मात्र दिवा जवळ आणणे महत्त्वाचे, कारण अंतर दुप्पट झाले की पानावरचा उजेड चौथाईवर येतो. ४५ सेंटिमीटरवर स्वच्छ दिसणारी अक्षरे ९० वर डोळ्यांना ताण देतात.

यंत्रशाळा: पितळेची शेड जड असते आणि केवळ नट आवळून धरलेला सांधा काही दिवसांत सैल पडून मान खाली झुकते. इंग्रज अभियंता जॉर्ज कारवर्डाइन यांनी १९३२ मध्ये पेटंट घेतलेल्या दिव्यात दांडीचे वजन स्प्रिंगा तोलतात, म्हणून तो ठेवाल तिथे थांबतो. घरगुती कामात दांडीच्या मागच्या टोकाला लोखंडी वजन लावणे अधिक सोपे. शेड पूर्ण गोल फिरू नये म्हणून सांध्यात अडसर ठेवावा, नाहीतर आतली वायर पिळली जाते. धातूच्या दिव्याला तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग हवेच. यात तडजोड नको.

गोदाकाठ: मनःपूर्वक आभार. पश्चिमेची भिंत चुन्याची आहे, पण तिच्यात दोन कोनाडे आहेत. चालेल का?

सातपूरकर: चालेल. दिवा भिंतीला अगदी खेटून ठेवल्यास कोनाड्यांच्या कडांच्या लांब सावल्या पडतील, म्हणून तो थोडा पुढे घेऊन प्रकाश भिंतीवर शक्य तितका समोरून पडू द्यावा.