सूनबाई व्हीगन आहे, चौदावा आठवडा चालू आहे: दुधाच्या जागी नेमकं काय आणि किती द्यावं?

रामबाग_काकू

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. सूनबाई दोन वर्षांपासून व्हीगन आहे. दूध, दही, तूप, पनीर, मध काहीच घेत नाही आणि बाळंतपणापर्यंत हेच चालू ठेवायचं म्हणते. घरात त्यावर वाद नाही. आई-बाळाला काही कमी पडू नये, एवढीच काळजी आहे.

वजन ५२ किलो. हिमोग्लोबिन १०.४. बी-१२ आलंय १६८ पिकोग्रॅम, पण तो रिपोर्ट उशिरा मिळाला, डॉक्टरांना दाखवायचा राहिलाय. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासून चालू आहे. लोह-फोलिक आणि कॅल्शियम लिहून दिलंय, तिन्ही गोळ्या ती सकाळी एकदमच घेते. नाश्त्याला पोहे-सेव आणि लगेच कोरा चहा, दुपारी पोळी, वरण-भात आणि बहुतेक वेळा पालक, रात्री मुगाची खिचडी. उपवासाला सेंधं मीठ.

स्पिरुलिनाने बी-१२ भरून निघतं असं कुणी सांगितलं, ते खरं का? आणि रोजच्या स्वयंपाकात काय बदलू? प्रमाणासकट सांगा, मला वाटी-चमच्यानेच जमतं.

आहारतज्ज्ञ_टिळकनगर

काकू, बी-१२ चा रिपोर्ट उद्याच दाखवा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गरोदरपणात रक्त पातळ होत असल्यामुळे हा आकडा थोडा खाली येतोच, पण दोन वर्षं दूध बंद आणि आकडा २०० च्या खाली असेल तर ती कमतरताच धरून चालायचं. हा एकच घटक असा आहे की वनस्पतींपासून तो भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतांश बी-१२ सारखं दिसणारं पण शरीराला न वापरता येणारं रूप असतं. रक्ततपासणीत आकडा बरा दिसू शकतो आणि आत कमतरता तशीच राहते. आंबवलेल्या पदार्थांवर, इडली-ढोकळ्यावरही विसंबू नका.

घाई का, तेही सांगते. फोलिक अॅसिड चालू असलं की बी-१२ च्या कमतरतेने होणारा रक्ताचा बिघाड झाकला जातो, मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. शिवाय लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असले की एकाने पेशी लहान होतात, दुसऱ्याने मोठ्या, आणि सरासरी आकार अगदी नॉर्मल दिसतो. त्यामुळे नुसता सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पाहून निश्चिंत होऊ नका. आईकडे साठा नसेल तर बाळ कमी साठा घेऊनच जन्मतं आणि अंगावरच्या दुधातही बी-१२ कमी येतं. मग चार-सहा महिन्यांनी बाळ सुस्त होतं, मान धरलेली सोडतं, हातपाय थरथरतात. हे पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

इंजेक्शन की गोळी, ते डॉक्टर ठरवतील. तोंडाने घ्यायची झाली तर अशा वेळी बहुधा रोज १००० मायक्रोग्रॅम देतात. आकडा मोठा वाटेल, पण पोटातलं वाहक प्रथिन एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलतं, उरलेल्यातलं जेमतेम १ टक्का आपोआप झिरपतं. साठा भरल्यावरही गोळी बंद होत नाही, फक्त कमी होते.

आता दुधाबद्दल. आपल्या शाकाहारी घरांत दूध-दही एकटंच चार कामं करतं: बी-१२, कॅल्शियम, चांगली प्रथिनं आणि थोडं आयोडीन. ते बंद केलं आणि बाकीचं ताट तसंच ठेवलं तर चारही जागा रिकाम्या राहतात. तुमच्या घरी सध्या तेच झालंय. खिचडी-पोहे वाईट नाहीत, पण तेवढ्यावर भागणार नाही.

प्रथिनांचा हिशेब सोपा आहे. किलोमागे ०.८३ ग्रॅम म्हणजे तिला ४३, त्यात दुसऱ्या तिमाहीत ९.५ मिळवा, शेवटच्या तिमाहीत २२. म्हणजे आत्ता साधारण ५३ ग्रॅम, पुढे ६५. पोह्यांत मूठभर, ३० ग्रॅम शेंगदाणे घाला (७ ग्रॅम). दुपारी वरण पातळ नको, माणशी ४० ग्रॅम कोरडी डाळ पडली पाहिजे (९). मधल्या वेळी ३० ग्रॅम फुटाणे (६). रात्री ३० ग्रॅम कोरडी सोयाबडी भिजवून, पिळून रस्सा करा, त्यातून एकदम १५ ग्रॅम मिळतात. पोळ्या-भाकरी आणि पोहे मिळून आणखी १८-२० होतात. आत्तापुरतं झालं. सातव्या महिन्यापासून त्यात १०० ग्रॅम टोफू (सोया पनीर) वाढवा.

कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. पालक त्यासाठी निरुपयोगी आहे. त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या, कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे जेमतेम ५ टक्के कॅल्शियम अंगी लागतं. त्याऐवजी मेथी, शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला आलटून पालटून, माणशी १०० ग्रॅम. ५० ग्रॅम नाचणीची भाकरी किंवा आंबील घेतली तर १७०-१८० मिलिग्रॅम येतं. बिनसोललेले तीळ दोन चमचे भाजून, कुटून चटणीत घाला. अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात. एवढं करूनही १००० गाठणं कठीण आहे, म्हणून गोळी सोडू नका.

लोहासाठी एकच सवय मोडा: जेवणाला लागून चहा. कोरा असला तरी त्यातलं टॅनिन लोह बांधून ठेवतं. आधी-नंतर तास-दीड तासाचं अंतर ठेवा. पोह्यांवर लिंबू नुसतं शिंपडू नका, अर्धं पिळा, आणि दुपारी एक पेरू. कडधान्यं भिजवून मोड आणले की लोह-जस्त अडवणारं फायटेट कमी होतं, लोह आणि जस्त दोन्ही जास्त मिळतं. मात्र मोड कच्चे खायचे नाहीत, गरोदरपणात ते नीट वाफवूनच द्या. मोडांच्या उबेत आणि ओलाव्यात जंतूही तितकेच झपाट्याने वाढतात.

जवस रोज एक चमचा, भाजून आणि दळून. त्यातून ओमेगा-३ मिळतं, पण बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारं डीएचए त्यापासून फार थोडं तयार होतं. शैवालापासून काढलेलं डीएचए, रोज २०० मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारून चालू करा. आणि सेंधं मीठ बंद, त्यात आयोडीनची भर नसते. आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या डब्यात ठेवा आणि भाजीत शेवटी घाला. आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नका, थायरॉइड आहे.

औषधवाला_सुदामानगर

ताईंनी आहाराचं सांगितलं. मला काळजी वाटते ती तिन्ही गोळ्या एकत्र घेण्याची. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉइडच्या औषधाला पोटात अडवतात, आणि कॅल्शियम लोहालाही अडवतं. गोळ्या रोज पोटात जातात, पण कामाला एकही पुरती लागत नाही. गरोदरपणात थायरॉइडच्या डोसची गरज तशीही वाढते, त्यामुळे टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) परत बघून घ्या.

असं करा, काकू. पहाटे सहाला थायरॉइडची गोळी, फक्त पाण्यासोबत. नाश्ता सात-साडेसातला आणि त्यात सोया नको. सोयामुळेही ही गोळी कमी शोषली जाते, म्हणून सोया दुपारनंतरच ठेवा. दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम. संध्याकाळी पाचला लोह, लिंबूपाण्याबरोबर. रात्रीच्या जेवणात, साडेआठच्या सुमारास, दुसरं कॅल्शियम. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असल्याने लोहाच्या दोन गोळ्या दिल्या असतील तर दुसरी झोपताना, कॅल्शियमनंतर किमान दोन तासांनी. बी-१२ कधीही चालतं.

पाकिटावर 'एलिमेंटल' म्हणजे शुद्ध लोह किंवा कॅल्शियम किती ते वाचा. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम शुद्ध लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असतं. बाजारातल्या गोळीवर मोठा आकडा असला तरी तो कधी कधी सगळ्या क्षाराचा, म्हणजे लोहाच्या पूर्ण संयुगाचा असतो, फेरस फ्यूमरेटमध्ये लोह एक-तृतीयांशच. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम म्हणजे शुद्ध कॅल्शियम ५००, आणि ते जेवणाबरोबरच घ्यायचं. एका वेळी ५०० पेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन भाग. लोहाने शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नये. मळमळ झाली तर बंद न करता थोडं खाऊन घ्या आणि डॉक्टरांना क्षार बदलून मागा. महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ने वाढलं नाही तर गोळी शोषली जात नाही किंवा कारण दुसरं आहे. बी-१२ कमी असताना तर लोह एकटं पुरणारच नाही.

व्हीगनच्या दृष्टीने: कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, डी जीवनसत्त्वाचं डी-३ हे रूप बहुतेक मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात. पर्याय मागितला तर डी-२ किंवा दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं डी-३ मिळतं. काही गोळ्यांत लॅक्टोज (दुधातली साखर) असतं, कित्येकदा थायरॉइडच्या गोळीतही. त्यापायी औषध थांबवू नये हे सूनबाईंना नक्की सांगा. शक्य असेल तिथवर टाळायचं, हाच तर व्हीगनपणाचा अर्थ आहे. खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका म्हणजे दूध नाही असं नव्हे, पान असलेलं हिरवं 'व्ही'चं चिन्ह आणि घटकांत दूध पावडर किंवा व्हे, केसीन ही दुधातली प्रथिनं आहेत का ते पाहा.

सोयाबडी_राऊ

काकू, सोयाबीनच्या बाबतीत इंदूरसारखं गाव नाही, राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थाच इथे आहे. टोफू घरी करा, ताजा आणि स्वस्त पडतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा.

२५० ग्रॅम सोयाबीन रात्री भिजवा, सकाळी पाणी फेकून सालं चोळून काढा. उकळतं पाणी घालूनच वाटा. गार पाण्यात वाटलं की त्यातलं एन्झाइम जागं होतं आणि तो कच्चट वास येतो, मग कुणी खात नाही. एकूण दोन लिटर पाणी, कापडातून गाळा आणि दूध मोठ्या पातेल्यात, उकळी आल्यापासून मंद आचेवर १५-२० मिनिटं ढवळत राहा. फेस चढतो, पातेलं अर्धंच भरा. हे उकळणं चुकवायचं नाही. कच्च्या सोयात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच मरतो. पोट फुगतं म्हणून सोया सोडणाऱ्यांचं बहुतेक इथेच चुकलेलं असतं.

वाफ थोडी बसल्यावर खाद्यदर्जाचं कॅल्शियम सल्फेट ५ ग्रॅम, अर्धी वाटी पाण्यात कालवून घाला, दोनदाच ढवळा, पंधरा मिनिटं झाका, मग कापडात बांधून वजन ठेवा. लिंबाने किंवा व्हिनेगरनेही फाटतं, पण मग टोफूत कॅल्शियमची भर पडत नाही. विकतच्या सोया पनीरवरही कशाने जमवलंय ते वाचा. उरलेला चोथा थालीपिठात घाला. टोफू पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये, पाणी रोज बदलायचं, तीन दिवसांत संपवा, उन्हाळ्यात दोनच.

घरच्या सोया दुधात बी-१२ नसतं आणि कॅल्शियमही नावाला. विकतचं घेतलं तर १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम घातलेलं बघा आणि डबा नीट हलवून ओता, कॅल्शियम तळाशी बसतं. भुट्ट्याचा कीस तिला आवडत असेल तर दुधाऐवजी हेच घाला, शेवटी, गॅस मंद करून. आधी घातलं की फाटतं.

रामबाग_काकू

सगळ्यांचे मनापासून आभार. वेळापत्रक फ्रिजवर लावलंय, डॉक्टरांकडे उद्याचीच वेळ मिळाली. दोन शंका. डिंकाचे लाडू तुपाशिवाय होतील का? आणि तिला संकष्टी करायची आहे.

आहारतज्ज्ञ_टिळकनगर

होतील. डिंक शेंगदाण्याच्या तेलात मंद आचेवर थोडा थोडा तळा, आच मोठी झाली तर वरून फुलतो आणि आत कडक राहतो, दातात चिकटतो. वळायला तुपाऐवजी खजूर आणि कुटलेल्या तिळाचा लगदा घ्या. दिवसाला एकच लहान लाडू. अळीव मात्र आत्ता नको, बाळंतपणानंतर घाला.

संकष्टी करायची तर उपाशी राहून नको. दर तीन तासांनी काहीतरी पोटात हवं: शेंगदाणा-राजगिऱ्याची चिक्की, वरीचा भात आणि दाण्याची आमटी, रताळं, पेरू. मीठ साधं आयोडीनचंच वापरा. नुसती साबुदाणा खिचडी म्हणजे पिठूळ स्टार्च, त्यावर दिवस काढू नये. उपवासाच्या दिवशीही पाचची लोहाची गोळी आणि रात्रीचं कॅल्शियम चुकवू नका.

उद्या डॉक्टरांना हेही विचारा: फेरिटीन (शरीरातला लोहाचा साठा), डी जीवनसत्त्व आणि टीएसएच करायचं का. जिभेची आग, हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं यातलं काही असेल तर तेही सांगा, म्हणजे इंजेक्शनचा निर्णय लवकर होतो. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, हिमोग्लोबिन महिन्याच्या महिन्याला बघायला ती सोयीची पडेल.