मुक्ता फाँटला इटॅलिक नाही, झाडांची शास्त्रीय नावं कशी लावू?

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या टेकडीवरच्या झाडांची ४८ पानी पुस्तिका छपाईसाठी लावतेय. मराठी मजकूर मुक्तामध्ये, १० पॉइंट. प्रत्येक झाडाखाली शास्त्रीय नाव रोमन लिपीत, ८ पॉइंट. वडाखाली फायकस बेंगालेन्सिस, असं. ही नावं इटॅलिकमध्येच, म्हणजे तिरक्या अक्षरांत लावायचा रिवाज आहे, आणि मुक्तात सात वजनं (बारीक ते जाड) असून इटॅलिक एकही नाही!

मग इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये १२ अंशांचा स्क्यू दिला, म्हणजे सरळ अक्षरंच वाकवली. स्क्रीनवर खपून गेलं, पण प्रूफ हातात आलं आणि तोंड उतरलं. लहान ए दुमजलीच, वर आकडा असलेला, फक्त कलंडलेला. ओ एका अंगाला सुजल्यासारखा.

फुकट आणि छपाईला चालेल असा कुठला फाँट घेऊ? शिवाय पुस्तिकेत झाडांवरच्या म्हणी आहेत, त्याही तिरक्या करा असा समितीतल्या काकांचा आग्रह आहे. करू का?

प्रतिसाद १
ताई, आधी तो स्क्यू काढा. रोमन नावांपुरता सोर्स सॅन्सचा इटॅलिक घ्या. अडोबीने २०१२ साली काढलेला, पॉल हंटचं काम, लायसन्स खुलं. त्यातला ए एकमजली आहे, आपण हाताने काढतो तसा. म्हणजे अक्षर नुसतं वाकवलेलं नाही, वेगळं काढलंय. हेल्वेटिकासारख्या फाँटात तिरपी अक्षरं सरळ अक्षरांच्याच घडणीची असतात, पण चांगला डिझायनर तिथेही वाकवल्यावर बिघडलेली जाडी हाताने दुरुस्त करतो. स्क्यू ते करत नाही, म्हणून तुमचा ओ सुजला.
मुक्ताशेजारी लहान अक्षरांची उंची जुळते का ते छापूनच बघा. आणि नावापुढचा एल. (नाव देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाचा) सरळच ठेवायचा हं, एसपी. (स्पीशीज, म्हणजे प्रजाती) सुद्धा. तिथे बरेच जण फसतात.

प्रतिसाद २
म्हणींना हात लावू नका. देवनागरी वाकवली की शिरोरेषा आडवीच राहते आणि काने तेवढे कलतात. वेलांटी, अनुस्वार उजवीकडे सरकतात, उकार डावीकडे. 'कुंपण' लिहून स्क्यू द्या, काकांनाच दाखवा. पॉपिन्स या फाँटमध्ये तिरकी देवनागरी आहे, पण दोन ओळींच्या म्हणीसाठी सगळा फाँट बदलणं म्हणजे उगाच उठाठेव. मुक्ताचंच जरा जाड वजन वापरा, डावीकडे थोडी जागा सोडा. आपल्याकडे जोर द्यायला ठळक टाइप नाहीतर अवतरणचिन्हं पुरतात.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. सोर्स सॅन्स ८ पॉइंटला मुक्ताशेजारी किरकोळ वाटला, साडेआठ केला आणि बसला. एसपी. मी सगळीकडे तिरकं केलं होतं, नऊ ठिकाणी सापडलं! 'कुंपण' काकांना दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले, "हे पडलंय का?" म्हणी सरळ.