अनुभव धागा : नेमकी अक्षरं असलेले इंग्रजी शब्द तुम्ही कसे शोधता?

शब्दकोडं असो, स्क्रॅबल असो की वर्डल, गाडी एकाच प्रश्नापाशी येऊन अडते : ही अक्षरं ज्यात आहेत असा शब्द कोणता? पहिलं अक्षर ठाऊक असेल तर शब्दकोश उघडता येतो. मधलं आणि शेवटचंच ठाऊक असेल तर तो काही कामाचा नाही. मग ज्याची त्याची युक्ती. त्या युक्त्या एका ठिकाणी याव्यात म्हणून हा धागा.

सुरुवात मी करते. मी आधी तुकडे शोधते. आय, एन, जी हाती असले की तिन्ही बाजूला काढायचे, कारण 'इंग'ने संपणारे शब्द रग्गड आहेत. समजा अक्षरं आहेत आर, ई, टी, आय, एन, ए, जी. 'इंग' काढलं की उरली चारच, आणि चार अक्षरं नजरेत मावतात : टेअरिंग. पण इथे थांबू नका. त्याच सात अक्षरांत 'इनग्रेट' आहे, तिथे तोच तुकडा शेवटून उठून सुरुवातीला येऊन बसतो. आणि 'ग्रॅनाइट' आहे, तो तर तुकडा मोडल्याशिवाय दिसतच नाही. तुकडा धरायचा कधी आणि सोडायचा कधी, खरी मजा यातच आहे असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचे अनुभव येऊ द्या.

प्रतिसाद : शब्दकोडीवाला

पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 रोजी छापलं, तेव्हापासून सोडवणाऱ्यांचं दुखणं एकच : मधली अक्षरं मिळतात, टोकं मिळत नाहीत. माझा अनुभव असा की विचित्र जोडी दिसली तर आनंद मानावा. सहा घरांचा शब्द, चौथ्या आणि पाचव्या घरात यू. अशा वेळी आडवा शब्द चुकला असणार म्हणून खोडायचा मोह होतो. खोडू नका. 'व्हॅक्युम' आहे तो. जोडी जितकी दुर्मिळ तितके उमेदवार कमी. उलट ई, आर, एस मिळाले तर हाती फारसं काही लागत नाही.

प्रतिसाद : प्रोग्रॅमर

आधी प्रश्न नीट ठरवा. 'फक्त याच अक्षरांचा शब्द' आणि 'ही अक्षरं कुठेतरी असलेला शब्द' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोध फसतो तो बहुधा इथेच.

पहिल्यासाठी जुनी, सुंदर रीत : शब्दातली अक्षरं वर्णक्रमाने लावायची. 'लिसन'ची होतात ई-आय-एल-एन-एस-टी. 'सायलेंट'ची तीच. 'एनलिस्ट', 'टिन्सेल', 'इनलेट्स' यांचीही तीच. सगळ्या शब्दांना अशी किल्ली एकदा लावून ठेवली की एका किल्लीचे शब्द आपोआप एकत्र येतात, उलटापालट करत बसावं लागत नाही. दुसऱ्यासाठी संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांनी 1973 च्या सुमारास लिहिलेलं 'ग्रेप' (हवी ती अक्षरं असलेल्या ओळी गाळून देणारी आज्ञा) आजही पुरतं. शब्दांच्या यादीतून आधी क्यू असलेले गाळून घ्या, त्यातून झेड असलेले, त्यातून एक्स. 'क्विझ' दुसऱ्या पायरीपर्यंत टिकतो, तिसरीला गळतो.

प्रतिसाद : स्क्रॅबलप्रेमी

क्यूबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजी स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत ई 12 आणि क्यू फक्त एक. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलं. क्यूला 10 गुण, पण यू नसेल तर लोक हातात धरून बसतात. यूशिवाय चालणारे शब्द पाठच करा : 'ची' (क्यू-आय), 'फकीर', 'काझी' (क्यू-ए-डी-आय), 'बुरखा', 'निकाब'. यातले बहुतेक शब्द अरबीतून आलेत आणि मराठी माणसाच्या कानावरचे आहेत. फक्त स्पेलिंग लक्षात ठेवायचं.

प्रतिसाद : इंग्रजी शिकवणारी

मुलांना मी अक्षरं ओळीत लिहू देत नाही, गोलात लिहायला लावते. ओळीत लिहिली की डोळा डावीकडून उजवीकडे वाचतो आणि तोच निरर्थक शब्द पुन्हा पुन्हा दिसतो. गोलाला सुरुवातच नसते. एक मुलगी गोलातलं एकेक अक्षर बोटाने झाकायची, उरलेल्यांत काही दिसतंय का बघायची, मग बोट पुढच्या अक्षरावर. तिची पद्धत मी सगळ्या वर्गाला दिली.

बाराखडीवर वाढलेल्या मुलांना एक अडचण येते : त्यांच्या मनात स्वर व्यंजनाला चिकटलेला असतो, तो सुटा करून दुसरीकडे नेणं सुचत नाही. म्हणून मी आधी फक्त स्वरांचे खेळ घेते. पाचही स्वर असलेला शब्द शोधा : एज्युकेशन, इक्वेशन, सिक्वोया. मग वरचा वर्ग : पाचही स्वर ए-ई-आय-ओ-यू याच क्रमाने. 'फसीशस' आणि 'अ‍ॅबस्टीमियस' सापडले की वर्गात आरडाओरडा होतो, आणि तो मला हवाच असतो.

प्रतिसाद : वर्डलकर

वर्डलमध्ये पाच अक्षरी शब्द ओळखायचा असतो आणि योग्य जागी बसलेलं अक्षर हिरवं होतं. शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी अशी हिरवी झाली की खूश होऊ नका. लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, फाइट, टाइट, शिवाय एट, सगळे बसतात आणि एकूण संधी सहाच. एकेक करून बघण्यात हार आहे. 'फिल्म्स' टाका : एफ, एल, एम, एस चौघांचा निकाल एकदम लागतो. 'हार्ड मोड'मध्ये (सापडलेली अक्षरं पुढच्या शब्दात वापरावीच लागतात) मात्र ही सोय नाही.

प्रतिसाद : नवीन सभासद

फार दिवस छळणारा प्रश्न : एम-टी या अक्षरांनी संपणारा शब्द आहे का?

प्रतिसाद : शब्दकोडीवाला

आहे, 'ड्रेम्ट'. त्याच्यापासून झालेले 'अनड्रेम्ट' आणि 'डेड्रेम्ट' पण धरा. नेहमीच्या इंग्रजीत या कुटुंबाबाहेर मला तरी दुसरा सापडलेला नाही.