प्लग, कॉइल आणि मॅन्युअलमधला आकडा
"गाडी चालतेय तोवर प्लग कशाला बदलायचे?" असं एका भाऊंनी स्पार्क प्लगबद्दल (इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतो तो) विचारलंय. मीही हेच म्हणायचो. मग मार्केट यार्डातून कांदा भरून निघालेला माझा सीएनजी पिकअप तुळजापूरच्या घाटात धक्के खायला लागला. प्लग काढले तर टोकं झिजून गोल, गॅप (ठिणगी पडते ती फट) नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, गॅप वाढला की सगळा ताण प्लगला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलवर. एक कॉइल गेलीच, प्लगच्या कितीतरी पट खर्च! साधे निकेलचे प्लग लवकर झिजतात, इरिडियम टिकतात. आपल्याकडे ४० अंशांच्या वरचं ऊन, धूळ आणि (खरं सांगा) ओव्हरलोड, म्हणून प्लग किती किलोमीटरला बदलायचे तो आकडा मॅन्युअलमधल्या (गाडीसोबतच्या पुस्तिकेतल्या) खडतर वापराच्या रकान्यात बघा. डिझेलवाल्यांना स्पार्क प्लग नसतातच. त्यांनी डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळेवर काढावं.